दाजी, तेल की ऊन?

दाजी, तुम्ही गेल्यावर पहिली फजिती माझीच झाली. आक्का म्हणाली, "दिनू, स्टुडिओत जा आणि यांचा एक चांगला फोटो मोठा करून आण, भिंतीवर लावायला." आता बघा, महाडच्या बाजारपेठेत इतकी वर्षं फोटो स्टुडिओ चालवणारा तुमचा सख्खा मेहुणा मी. तालुक्यातल्या निम्म्या नवरा-नवरींना "जरा इकडे बघा, हसा" म्हणून मी संसाराला लावलंय. आणि तुमचा धड एक फोटो निघेना. तुमचं नाव लिहिलेली फोटोंची पाकिटं कपाटभर आहेत, चांगली जाडजूड. उघडून बघावं तर काळ्या पार्श्वभूमीवर नखाएवढा नारिंगी डाग. पाकिटामागून पाकीट, डागामागून डाग. शेवटी आमच्या चुलतभावाच्या हळदीतला एक सापडला, त्यात तुमचे डोळे मिटलेले. भीत भीत आक्कापुढे ठेवला. ती म्हणाली, "हाच लाव. मी काही सांगायला लागले की असेच मिटायचे."

मग कॉलेजात शोकसभा झाली. तिथे लोक तुम्हाला थोर संशोधक, विज्ञानाचे एकनिष्ठ उपासक, ज्ञानयोगी असं काय काय म्हणाले. दोन भाषणं झाल्यावर आक्का माझ्या कानाशी लागून म्हणाली, "कुणाबद्दल चाललंय रे हे?" मलाही तोच प्रश्न पडला होता. म्हणून ठरवलं, तुमच्याशीच बोलावं. निदान मधे मधे तुम्ही डोळे मिटलेत तरी मला सवय आहे.

तुम्ही महाडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचात, राहायचात पोलादपूरला, आणि मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीचे, जिथे एसटीसुद्धा दहादा विचार करून जायची. आक्काचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या वडिलांना एवढंच कळलं होतं की मुलगा प्रकाशावर काम करतो. त्यांनी बरेच दिवस जावई वीज मंडळात आहे असंच गावभर सांगितलं. लग्नात दोघातिघांनी तुम्हाला बाजूला घेऊन मीटरचं काम होईल का विचारलं, आणि तुम्ही सरळपणे "अर्ज द्या" म्हणालात. तेव्हाच मी ओळखलं की या माणसाशी आपलं जमणार.

एका दुपारी तुम्ही स्टुडिओत आलात आणि विचारलंत, "दिनू, तुझी काळी खोली दुपारची रिकामी असते का?" फोटो धुवायच्या खोलीत लोक कशाला जागा मागतात याचा मला थोडा अनुभव होता, त्यामुळे मी जरा सावधपणे विचारलं, कुणी बरोबर आहे का? तुम्ही खिशातून एक डबी काढलीत. डबीत कापसावर एक तुकडा, करड्या आरशाचा टवका पडावा तसा. तो सिलिकॉन. खोलीत गेलो, दार लावलं, तुम्ही पिशवीतून जांभळ्या ट्यूबचा दिवा काढून त्याच्यावर धरलात आणि विचारलंत, काही दिसतंय का. मी म्हटलं, दिसतंय की, लाल लाल, काय सुंदर. तुम्ही म्हणालात, "आधी तुझा तो लाल बल्ब घालव."

बल्ब घालवला. मग खरोखर दिसलं. चुलीतला निखारा राखेखाली असतो ना, तेवढंच. मला वाटलं होतं त्याहून बरंच कमी. पण तुम्ही त्या अंधारात इतके गप्प उभे होतात की "एवढंच?" हा शब्द माझ्या ओठावरून परत गेला.

त्यानंतर रसाच्या गुऱ्हाळात बसून तुम्ही मला समजावलंत. सिलिकॉन म्हणजे वर्गातला पहिला नंबर, पाढे पाठ, हिशोब तोंडी, जगातल्या सगळ्या चिपा त्याच्या जिवावर चालतात. पण त्याला म्हणावं, बाबा जरा उजेड दे, तर अगदी ठोंब्या. उजेड देणारे पदार्थ दुसरे आहेत, पण ते महाग, आणि सिलिकॉनशी त्यांचं पटत नाही, एकावर एक बसवले की तडे जातात. आणि चिपेत तर उजेड हवा, कारण तारांमधून निरोप पाठवून पाठवून त्या तापतात. म्हणजे सिलिकॉनलाच उजेड द्यायला शिकवायचं. मी विचारलं, तो का देत नाही? तुम्ही म्हणालात, आत विजेचा कण असतो आणि त्याची रिकामी जागा असते. दोघं नीट भेटली की उजेड पडतो. सिलिकॉनमध्ये ती एकमेकांना चुकवत हिंडतात आणि नुसती गरम होतात. पण सिलिकॉनला ॲसिडने बारीक बारीक भोकं पाडून स्पंजासारखा केला की त्यांना हिंडायला जागाच उरत नाही. आणि मग तुम्ही जो दाखला दिलात तो तुमच्या कुठल्याही पुस्तकात नसणार: "मोठ्या अंगणात नवरा-बायको एकमेकांना टाळू शकतात. आमच्या वाडीतल्या बोळात नाय. तिथे ठिणगी पडतेच." मी हे घरी जाऊन आक्काला सांगितलं. पुढचे दोन दिवस तुमच्या घरात उजेड नव्हता.

परदेशात नव्वद सालच्या आसपास कुणीतरी हे भोकं पाडण्याचं करून दाखवलं होतं, तुम्ही ते एका उन्हाळी शिबिरात ऐकलंत आणि झपाटलात. मुंबईच्या एका सरांकडे पीएचडीसाठी नाव घातलंत. सर चांगले होते, पण महाडच्या कॉलेजातल्या एका कोपऱ्यात असलं काही होईल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. बसावा कसा? तुकडे तुम्ही झकास करायचात. ते काच खाणारं ॲसिड, ते प्लास्टिकचं भांडं, ती बारीकशी वीज. मला तुम्ही त्या खोलीच्या उंबरठ्याच्या आत कधी घेतलं नाहीत, कारण पहिल्याच दिवशी मी त्यातल्या पेल्याकडे बघून चहाची चौकशी केली होती. तुकडा ताजा असताना चमकायचा. पण आपल्याकडची हवा अशी की भिंतीला हात लावला तर हात ओला. तुकडे मलूल होत जायचे आणि मुंबईला पोचेपर्यंत विझायचे. सरांनी तुमच्या उजेडाचा मी काढलेला फोटो तेवढा पाहिला होता. आणि फोटोत तर आम्ही लोक काळ्या नवरीला गोरी करतो, हे सरांनाही ठाऊक असणार.

आता निळ्या उजेडाचं सांगतो. तुम्ही असताना हे सांगताना मी स्वतःला थोडं वाचवत असे. आता काय वाचवायचं.

चैत्रातली दुपार होती. तुम्ही एक सुरेख तुकडा माझ्याकडे ठेवून वर्गावर गेला होतात. मी फोटो घ्यायला लागलो तर त्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा. आता लग्नाच्या फोटोवर ठसा उमटला तर मी काय करतो? धुतो. मागच्या पडवीत माझे पांढरे शर्ट भिजत होते. लग्नात फोटोग्राफर नवऱ्यापेक्षा पांढरा दिसला पाहिजे असं माझं धोरण, म्हणून त्या बादलीत पांढरेपणाची पावडर सढळ हाताने टाकलेली. तुकडा मी त्या बादलीत छान खळबळून काढला आणि पुसून ठेवला. तुम्ही आलात. अंधार केला. दिवा धरलात. आणि तुमच्या तोंडून कॉलेजातली मराठी एकदम गळून पडली आणि वाडीतली बाहेर आली.

"दिनू," तुम्ही हळूच म्हणालात, "निळा हाय रे."

तेव्हा सगळं जग लाल-नारिंगीवर अडकलेलं होतं, निळ्यासाठी जो तो धडपडत होता, हे तुम्हीच मला सांगितलेलं. तुम्ही दार उघडून तसेच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये धावलात, पायात चपला माझ्या. सरांना फोन केलात. येताना दोन ग्लास रस घेऊन आलात. आपण दोघं पुन्हा आत गेलो, दुसऱ्यांदा डोळे भरून बघावं म्हणून. मी दिवा धरायला हात पुढे केला. आणि तुमची नजर तुकड्यावरून सरकत माझ्या बाहीवर आली. माझी बाही निळी. कॉलर निळी. अंधारात मी नुसता शर्टच उभा होतो, त्या बादलीतल्या पावडरीने चांगला झळझळीत.

तुम्ही माझी बाही दिव्याखाली ओढलीत. मग म्हणालात, "तुझा शर्ट पण सिलिकॉनचा हाय का?"

परत एसटीडी बूथ. बूथवाला म्हणाला, सर, मघाशी पेढे देतो म्हणाला होतात. तुम्ही त्याला हाताने थांबवलंत आणि फोन लावलात. मी बाहेर काचेला नाक लावून उभा. सर ओरडले नाहीत, त्यानेच तुमचं तोंड उतरलं. ते इतकंच म्हणाले की आता फोन करू नका, फोटोही पाठवू नका. पावसाळा जाऊ द्या. गणपतीनंतर एक तुकडा घेऊन या, जो या पावसाळ्यातून स्वतःचा उजेड घेऊन बाहेर आलाय. आणलात तर पुढे बोलू. नाही तर इथेच थांबू, मी कॉलेजला तसं कळवतो. कॉलेजने तुम्हाला वर्गाचे तास कमी करून तो कोपरा दिला होता तो सरांच्या शब्दावर. तो शब्द गेला की कोपरा गेला, आणि एकदा गेला की तालुक्याच्या कॉलेजात तो परत मिळत नाही, हे आपल्या दोघांना माहीत होतं.

मी तुमची माफी मागायला शब्द जुळवत होतो. तुम्ही रसाचे पैसे दिलेत आणि पोलादपूरच्या गाडीत बसलात. संध्याकाळी आक्काचा निरोप आला की हे घरी येऊन एकटेच हसतायत, तू काय केलंस?

वैशाखात तुम्ही तुकड्यांची शेवटची खेप केलीत, पावसाच्या आत. त्यातला सगळ्यात चांगला तुकडा मला दिलात, निदान पावसाआधीचा फोटो असू दे म्हणून. मी तो काडेपेटीत घातला, काडेपेटी शर्टाच्या खिशात, आणि रविवार म्हणून तुमच्याकडे जेवायला आलो. तुमच्या घरी आगोटीची धांदल. पावसाळ्याच्या चार महिन्यांचं सगळं आधी भरून ठेवायचं म्हणजे आक्काच्या अंगात येतं. अंगणात तूरडाळ पसरलेली, तिला किडा लागू नये म्हणून आक्का मूठ मूठ घेऊन एरंडेल चोळत होती. मला बघून म्हणाली, आलास ना, मग नुसता बसू नको, ही परात गोठ्याच्या पत्र्यावर चढव, दोन दिवस कडक ऊन खाऊ दे. मी शिडी चढलो, वाकून डाळ पसरली, पाय भाजले म्हणून उड्या मारत उतरलो, आणि पोटभर जेवून महाडला आलो. सोमवारी खिशात काडेपेटी होती. काडेपेटीत काही नव्हतं.

मी स्टुडिओ उलटा केला. पडदे झटकले, फिक्सरचं पाणी गाळून पाहिलं, एका नवरीच्या मेकअपच्या डब्यात हात घातला म्हणून बोलणी खाल्ली. शेवटी तुमच्यापुढे उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे रे. तुझ्याकडचा उन्हात हरवला. बाकीचे पावसात हरवतील."

आणि तसंच झालं. बाकीचे तुकडे तुम्ही हवाबंद काचेच्या भांड्यात ठेवलेत, ओल शोषणारे निळे दाणे घालून. ओल शोषली की ते गुलाबी होतात. आषाढात ते दाणे सकाळी निळे आणि दुपारी गुलाबी. मी म्हटलंसुद्धा की तेवढाच काय तो रंग बदलणारा प्रयोग यशस्वी झाला. काड्या पेटत नव्हत्या, मिठाचं पाणी झालं होतं, माझ्या लेन्समध्ये बुरशी. दर शनिवारी दुपारी आपण काळ्या खोलीत जायचो आणि एकेक तुकडा दिव्याखाली धरायचो. मी उपाय सुचवत होतो: तांदळात पुरा, चुलीवर टांगा, माझ्या थर्मासात ठेवा. एकदा तुमचा डोळा चुकवून मी एका तुकड्याला निगेटिव्हवर देतात ते वार्निश लावलं. तो चिकट बोरासारखा झाला आणि त्याला माशी बसली. तुम्ही माशी उडवलीत आणि त्या तुकड्याला "तुझा" म्हणायला लागलात. श्रावण सरता सरता शेवटचा विझला. आपण दोघं अंधारात उभे होतो आणि मी दिसतंय, दिसतंय म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, "लाल बल्ब घालवलाय ना?" बल्ब लावलेलाच नव्हता, दाजी. मी आपलं उगाच म्हणत होतो.

आक्काने मला नंतर सांगितलं की त्या दिवसांत तुम्ही एरवी साचून राहणारे चाचणीचे पेपर कुणी न सांगता, वेळेच्या आधी तपासून टाकायला लागलात. तिला तेव्हाच भीती वाटली. तुम्ही ठरवलं होतं की गणपती झाले की सरांना फोन करायचा आणि थांबतो म्हणायचं. दिवा कॉलेजात परत करायला पिशवीतही घालून ठेवला होता.

आणि मग ती काच.

गणपतीच्या आधल्या रविवारी मी पोलादपूरला आलो तर आक्का घरात नाही. कळलं की ती बाजारात भांडायला गेली आहे. नैवेद्यासाठी डाळ निवडताना तिला सुपात काच सापडली होती. डाळीत काच, ती पण नैवेद्याच्या. डाळ ज्याच्याकडून घेतली त्या शेठच्या दुकानात तिने अशी काही तोफ डागली म्हणतात की वजनकाट्यावर ठेवलेला गूळ तसाच सोडून गिऱ्हाईक बाहेर आलं. शेठ बिचारा शपथा घेत होता की माझ्या डाळीत खडा निघेल, काच नाय. आक्का परत आली ती पुराव्याची पुडी हातात घेऊनच. आपण जेवायला बसलो होतो. तिने ती पुडी तुमच्या ताटाशी आपटली आणि म्हणाली, "तुम्ही शिकलेले ना, मग सांगा ही काच हाय का नाय."

तुम्ही पुडी उघडलीत. हात उष्टा होता, म्हणून डाव्या हाताने तो टवका उचललात, उजेडात तिरका केलात. मग ताटावरून उठलात. आक्का म्हणाली, अन्नाचा अपमान करू नका. तुम्ही पिशवीतून दिवा काढलात, वायर ओटीवरच्या प्लगला लावलीत, आणि भर दुपारी अंधार कुठून आणायचा म्हणून इकडे तिकडे बघायला लागलात. खुंटीवर तुमच्या वाडीची घोंगडी होती. ती तुम्ही डोक्यावरून घेतलीत आणि मला आत ओढलंत.

आत मेंढरांचा वास, एरंडेलाचा वास, आमटीचा वास. दिवा लावायच्या आधी तुम्ही माझी बाही चाचपलीत. मी म्हटलं, चौकटीचा शर्ट आहे, दाजी, धुतलेलाच नाही. बाहेरून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "वहिनी, हे दोघं घोंगडीत काय करतायत?" आणि आक्काचा, अगदी शांत, "डाळ निवडतायत."

तुम्ही दिवा लावलात.

"हाय," तुम्ही म्हणालात. मग परत, "हाय रे. हाय अजून." माझं मनगट तुम्ही इतकं घट्ट धरलं होतंत की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली होती. तो निखारा तिथे होता, दाजी. पत्र्यावर वाकताना माझ्या खिशातल्या काडेपेटीतून डाळीत सांडलेला, तेलकट, डाळीच्या पिठाने माखलेला, चार महिने डब्याच्या तळाशी पडलेला, शेठच्या अब्रूचं खोबरं करून आलेला. मी त्या आधी आणि नंतर पुष्कळ माणसांचे आनंदाचे फोटो काढले. त्या वेळी मात्र माझ्याजवळ कॅमेरा नव्हता, आणि असता तरी घोंगडीत उजेड कुठला.

मुंबईला मी हमाल म्हणून आलो होतो. सरांनी खोलीचे पडदे लावले, तुकडा बघितला, चष्मा काढून बघितला, परत चष्मा लावून बघितला. मग विचारलं, यावर प्रक्रिया काय केली? मी तुम्हाला गाडीत शिकवून ठेवलं होतं की काहीतरी भारदस्त सांगा. तुम्ही सरळ म्हणालात, तूरडाळीत होता, सर. सरांनी कोणती डाळ विचारलं नाही, तेल कोणतं ते विचारलं. तेव्हाच मी ओळखलं की कोपरा वाचला. निघताना ते एवढंच म्हणाले की एकदा झालं ते नशीब, परत करून दाखवाल ते काम.

मग तुमच्या घरच्या आगोटीला विज्ञानाचं स्वरूप आलं. पुढच्या वैशाखात पत्र्यावर डाळीबरोबर चिनीमातीच्या ताटल्या, ताटल्यांत तेल चोळलेले तुकडे, आणि कावळे येऊ नयेत म्हणून काठी घेऊन बसलेला मी. सगळे टिकले नाहीत, पण बरेच टिकले. प्रबंधात तुम्ही ते फार सोवळं करून लिहिलंत: वनस्पतिजन्य तेलाचा लेप आणि सौम्य उष्णता. आणि ऋणनिर्देशात माझं नाव घातलंत, "छायाचित्रे व आकस्मिक साहाय्य यासाठी". आकस्मिक या शब्दावर मी अजून नाराज आहे.

पण खरं भांडण तिथूनच सुरू झालं ना? मी म्हणायचो, तुकडा वाचला तो तेलाने. त्याच्या भोकाभोकांत तेल गेलं, ओल शिरायला जागाच राहिली नाही, आणि तेल माझ्यामुळे लागलं. तुम्ही म्हणायचात, तेल नुसतं वर दिसतं. काम केलं ते तापलेल्या पत्र्याने, दोन दिवसांच्या उन्हाने त्याची कातडी पक्की केली. मी म्हणायचो, पत्र्यावरसुद्धा मीच चढवला. तुम्ही म्हणायचात, खाली पडलेलं फळ झाडाने दिलं, पाय लागला त्याने नव्हे. खरं तर वेगवेगळं करून बघणं काय अवघड होतं? एक नुसता तेलाचा, एक नुसता उन्हाचा. दर वर्षी आगोटीला आपण म्हणायचो, या वेळी करू. मग तुम्हाला विभागप्रमुख केलं, परीक्षेची कामं आली, माझी काळी खोली गेली आणि तिथे कॉम्प्युटर आला. आणि मला वाटतं, दाजी, आपल्या दोघांनाही ते भांडण मिटायला नको होतं. निकाल लागला असता तर रविवारी जेवताना बोललो काय असतो?

एका दुपारी तुम्ही स्टुडिओत पेढे घेऊन आलात. मला वाटलं, तुमच्या कामाला काही मान मिळाला. तुम्ही म्हणालात, झालं, दिनू, सिलिकॉनच्या चिपेवर उजेड आला. मासिकात वाचलंत. लांब कुठेतरी लोकांनी उजेड देणारा दुसराच पदार्थ घेतला आणि सिलिकॉनवर चिकटवून टाकला, पटत नव्हतं त्या दोघांचं पटवलं. म्हणजे तुमची भोकांची वाट सोडून दिली. मी पेढा खाली ठेवला. मला राग आला होता. म्हटलं, मग तुमचं इतक्या वर्षांचं काय? कुणी नाव तरी घेतलं का?

तुम्ही माझा पेढा उचलून माझ्या तोंडात घातलात. म्हणालात, "बारसं शेजारी असलं म्हणून काय घुगऱ्या खायच्या नाय?" मी तरी फुगलेलाच. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "वाडीतलं ढोर रानात चुकलं की चौघं चार वाटांनी जातात. सापडतं एकालाच. बाकीच्या तिघांना कुणी येडे म्हणतं का? ढोर घरी आलं की चौघंही चहा पितात."

तुमच्याकडे माझा एक हिशोब राहिला तो हा. त्या शनिवारच्या दुपारी, लाल बल्ब घालवून, खांद्याला खांदा लावून आपण नखाएवढा उजेड बघत उभे असायचो, तेवढा वेळ मी जगातल्या कुठल्या तरी मोठ्या कामात आहे असं मला वाटायचं. बारावीला भौतिकशास्त्रात आपटलेला माणूस मी. तुम्ही कधी एकदाही मला तसं जाणवू दिलं नाहीत. हे समोरासमोर म्हटलं असतं तर तुम्ही डोळे मिटले असतेत.

यंदा आक्का म्हणत होती, आगोट नको, एकटीला लागतं किती. मग चार दिवसांपूर्वी तिनेच शेठकडून डाळ आणवली. शेठ अजून तिला डाळ देताना आधी स्वतः निवडतो. तुमच्या जागी आलेल्या मॅडमना मी गाठलं. त्यांनी तुमच्या पद्धतीने चार तुकडे करून दिले, मला उंबरठ्याच्या बाहेर उभं करूनच. चार ताटल्या केल्या. एकीत तेल आणि ऊन दोन्ही, एकीत नुसतं तेल, ती घरात. एकीत नुसतं ऊन. एकीत काहीच नाही. कागद चिकटवून नावं घातली, मॅडमनी सांगितलं तसं. गणपतीनंतर निकाल.

आक्का शिडी धरून उभी होती. तिने विचारलं, "आणि तुझं तेल जिंकलं तर?" मी म्हटलं, जिंकलं तर जिंकलं, इतकी वर्षं मी तेच सांगतोय.

पण दाजी, काल दुपारपासून मी पोलादपूरलाच आहे, आणि सारखा शिडीवर चढतोय. आंब्याची सावली पत्र्यावर सरकत येते, आणि ती जवळ आली की मी नुसत्या उन्हाची ताटली तेवढी पुढे उन्हात ओढतो. दुसरीला हात लावत नाही. प्रयोगात असा पक्षपात करायचा नसतो हे मला चांगलं ठाऊक आहे. रागवा खुशाल.